विश्वासाने घेतलेली वस्तू : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या ठाकर आणि कातकरी बाया शेवळं ही रानभाजी विकायला आणतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडं ही आंबट फळं घालून शिजवायची, हे नव्या गिऱ्हाइकाला विकणारीच सांगते. भाजीबरोबर ज्ञानही विकत मिळतं, आणि ते देणारीवर विश्वास टाकावा लागतो. ग्राहक शाश्वत अन्न आणि कापड का निवडतो, या प्रश्नाकडे वाचकाने या पट्ट्यातल्या गावांच्या वाटेने यावं, असं मला वाटतं ते यासाठीच.

अर्थशास्त्राने हा विश्वास गांभीर्याने घेतला आहे. 1970 मध्ये फिलिप नेल्सन यांनी वस्तूचे घेण्याआधी पारखता येणारे गुण आणि वापरल्यावरच कळणारे गुण वेगळे केले. 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी त्यात तिसरा प्रकार जोडला : वापरूनही न कळणारे गुण. भेंडी कोवळी आहे हे टोक मोडून कळतं, आंबा गोड आहे हे खाऊन कळतं. पण त्यांच्यावर काय फवारलं होतं, हे खाल्ल्यावरही कळत नाही. सदऱ्याचा रंग कुठल्या नदीत धुतला गेला, हेही अंगावर घालून समजत नाही. म्हणून प्रमाणपत्रं आली. त्यातली सेंद्रिय शेतमालासाठीची ‘पीजीएस-इंडिया’ पद्धत मला विशेष मोलाची वाटते, कारण तिच्यात शेतकऱ्यांचे स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात.

मानसशास्त्रज्ञ आइझेक आयझेन यांनी 1991 च्या प्रसिद्ध लेखात वर्तनामागे तीन गोष्टी मांडल्या : माणसाचा कल, भोवतालच्यांची अपेक्षा, आणि हे आपल्याला जमेल ही खात्री. आपल्याकडची चर्चा बहुधा पहिलीपाशीच थांबते. मग पाहणीत ‘सेंद्रिय घेऊ’ म्हणणारा दुकानात स्वस्त माल घेताना दिसला की त्याला दांभिक ठरवलं जातं. हा अन्याय आहे. महिन्याचा किराणा भरणाऱ्या बाईच्या हातात किती असतं, हे आधी विचारायला हवं.

कापडाची गोष्ट वेगळी. सेंद्रिय अन्न घेणारा बहुधा स्वतःच्या आणि मुलांच्या तब्येतीचं कारण सांगतो. कापडाला तो आधार तितका नाही. तिथे लोकांची नजर काम करते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताची खादी घालून गेले. जरीच्या पोशाखांमध्ये ते जाडंभरडं कापड म्हणजे जाहीर विधान होतं. त्यांच्या मनात पर्यावरण नव्हतं, इथल्या कारागिराची भाकरी होती. आजच्या प्रश्नावलीत या हेतूला क्वचितच जागा मिळते, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

आणखी एक उणीव आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारं, घरचाच भात खाणारं, परसातल्या वेलाची भाजी करणारं घर बाजारात फारसं येतच नाही, म्हणून ग्राहकांच्या पाहणीत ते दिसत नाही. त्याची राहणी ऐपतीने ठरली, सवयीने की आवडीने? पैसा हाती आल्यावर त्यातलं काय टिकतं आणि काय आधी सुटतं? याची उत्तरं दुकानाच्या दाराशी उभं राहून मिळणार नाहीत. त्यासाठी स्वयंपाकघरात आणि कपड्यांच्या पेटीपाशी बसावं लागेल, घरातल्या आजीशी आणि सुनेशी वेगवेगळं बोलावं लागेल. या कामाला मराठी जाणणारे अभ्यासक हवे आहेत.