प्रोटॉनच्या टकरीतील सोबती

तोरण्याच्या माथ्यावरील आकाशात या क्षणीही टकरी चालू आहेत. अंतराळातून प्रचंड वेगाने येणारे प्रोटॉन वरच्या हवेतील अणुगर्भांवर आदळतात आणि नव्या कणांचा वर्षाव होतो. त्यांतला एखादा म्युऑन, तुम्ही भोरला असा की वेल्ह्याला, दर सेकंदाला तुमच्या तळहातातून आरपार जातो. पत्ताही लागत नाही! या विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

पण कण नुसते मोजून भागत नाही. कोण कोणाच्या सोबतीने निघाला, हे कळले तरच टकरीच्या पोटात काय घडले ते उमगते. हे ताडायचे कसे? समजा, वेल्ह्याच्या जत्रेतून माणसे परतत आहेत. काही नसरापूरच्या वाटेला लागली, काही पाबे घाटाकडे वळली. एका वाटेवर दोघे दिसले म्हणून ते सोबती ठरतात का? नाही, वाटच वर्दळीची असेल. मग एक युक्ती करू. एक माणूस यंदाच्या जत्रेतला घेऊ, दुसरा गेल्या वर्षीच्या. हे दोघे सोबती असणे शक्यच नाही. तरीही अशा जितक्या जोड्या एका वाटेवर पडतील, तो निव्वळ योगायोग. यंदाच्या खऱ्या जोड्या त्या मानाने जास्त भरल्या, तर ती जास्तीची भर सोबतीची. शास्त्रज्ञ हेच करतात : एकाच टकरीतील जोड्या एकीकडे, निरनिराळ्या टकरींतून जुळवलेल्या दुसरीकडे, आणि दोहोंचे गुणोत्तर.

१९६० साली अमेरिकेत गोल्डहाबर पतिपत्नी, ली आणि पाइस यांनी दाखविले की, प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनांच्या टकरीतून निघणारे सारख्या विद्युत्भाराचे पायॉन एकमेकांच्या जवळ राहू पाहतात. याचा उलगडा आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या गणनेतून होतो. १९७१ साली जिनिव्हाजवळ सर्न येथे दोन प्रोटॉनझोतांची समोरासमोर टक्कर घडविण्यात आली, आणि २०१० साली तेथेच त्याहून कितीतरी मोठ्या शक्तीच्या टकरी सुरू झाल्या. तेथील सीएमएस या अवाढव्य उपकरणाचा एक भाग टाटा संस्थेने आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने मिळून बनविला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात एक नवल पुढे आले. ज्या टकरींतून ११० किंवा अधिक भारित कण टिपले गेले, त्यांत काही जोड्या एकाच बाजूला, पण मागेपुढे पुष्कळ अंतर ठेवून चालल्या होत्या. आलेखावर राजगडाच्या संजीवनी माचीसारखी लांबट धार उमटली. यंत्राची तर चूक नाही? नाना तऱ्हांनी पडताळले. धार पुसली गेली नाही. सोन्याच्या अवजड अणुगर्भांच्या टकरीत ती पूर्वी दिसली होती, आणि तेथे द्रवासारखा पदार्थ बनतो, असे मानले जाते. मग एवढ्याशा प्रोटॉनच्या टकरीतही असा थेंब बनतो काय? हा वाद अजून मिटलेला नाही. पुढे पुण्याला पाषाण येथील आयसर संस्थाही या प्रयोगात सामील झाली.

गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे : दोघे बरोबर दिसले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. आधी योगायोगाचा वाटा बाजूला काढावा. मग उरते, त्याचा विचार करावा.