तळघरातली बेगमी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतघरांत डुक्कर कापायचं ते थंडी पडल्यावर. उन्हाळ्यात मांस टिकणार कसं? एकदा जनावर कापलं की घरातल्या बायकांना उसंत नसे. मांस खारवायचं, धुरी द्यायची, चरबी कढवायची, उरलेलं शिजवून काचेच्या बरण्यांत हवाबंद करायचं. ऑगस्टमध्ये पुन्हा तोच घाट मका, घेवडा आणि पीचसाठी. बाहेर उकाडा, आत चुलीवर तासन्‌तास उकळणाऱ्या बरण्या. घरात दुसरा, जादा फ्रीझर आला तो मुख्यतः या कष्टांवर उतारा म्हणून. त्याला श्रीमंत शहरांचा चोचला समजणं हा त्या बायकांवर अन्याय आहे.

फ्रीझर घरात येण्याआधी तो गावाचा होता. १९३०च्या दशकात आयोवा, मिनेसोटासारख्या राज्यांत गावोगाव लॉकर निघाले. एक मोठी थंडगार खोली, तिच्यात भिंतीला लागून खणांच्या रांगा, प्रत्येक खणाला कुलूप, वर्षाचं भाडं ठरलेलं. शेतकऱ्यानं जनावर आणून द्यायचं. तिथला खाटीक ते कापून, जाड मेणकागदात गुंडाळून, प्रत्येक पुडक्यावर कुठला भाग आणि कुठली तारीख याचा शिक्का मारून गोठवायचा. आठवड्याच्या बाजाराला आलेली बाई आपला खण उघडून लागेल तेवढी पुडकी घेऊन जाई. खोलीत उणे १८ अंशांच्या आसपास थंडी, त्यामुळे भर उन्हाळ्यात आत शिरताना अंगावर कोट चढवावा लागे.

ही सोय गावात एकत्र करावी लागली, कारण शेतांवर वीजच नव्हती. १९३०च्या दशकाच्या मध्याला दहातल्या जेमतेम एका शेतघरात विजेचा दिवा होता. १९३५ साली रूझवेल्ट सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, त्याच्या कर्जावर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारून तारा ओढल्या, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण उलटलं: दहातली नऊ घरं उजळली. फ्रीझरची खरी वाट त्या तारांनी मोकळी केली.

गोठवण्याची विद्या मात्र आणखी उत्तरेकडून आली. अमेरिकी संशोधक क्लॅरेन्स बर्ड्‌सआय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये राहत होता. तिथल्या इन्युइट लोकांनी कडाक्याच्या वाऱ्यात पकडलेला मासा क्षणात गोठे आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. झपाट्यानं गोठलं तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात; सावकाश गोठलं तर मोठे होऊन मांसाच्या पेशी फोडतात. इन्युइटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या या गोष्टीवर बर्ड्‌सआयनं यंत्रं बांधली आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटं विकायला आली. ती घरी ठेवायची कुठे, हा प्रश्न उरलाच. त्या काळच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन ट्रे कसेबसे मावत.

दुसऱ्या महायुद्धात घरगुती फ्रिजचं उत्पादन थांबलं. युद्ध संपताच मात्र कारखाने फ्रिज-फ्रीझर बनवण्यावर तुटून पडले. ट्रॅक्टर विकणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलचा लढाऊ विमानांचा कारखाना घेतला आणि तिथे फ्रिज व फ्रीझर बनवून आपल्या जुन्याच गिऱ्हाइकांना, म्हणजे शेतकऱ्यांना, विकले. फ्रीझरची अपूर्वाई एवढी होती की राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे लष्करी सहायक हॅरी व्हॉन यांच्या वशिल्यानं वाटले गेलेले फ्रीझर १९४९ मध्ये सिनेटच्या चौकशीत गाजले, आणि १९५२च्या निवडणुकीत विरोधकांनी ते भ्रष्टाचाराची खूण म्हणून पुढे केले.

तळघरात ठेवलेला पेटीसारखा फ्रीझर वरून उघडे. थंड हवा जड, ती तळाशीच बसते. झाकण उघडलं तरी सांडत नाही. पण त्याची उस्तवार घरच्या बाईकडेच आली. भिंतींवर बोटभर बर्फ साचला की तार काढायची, पुडकी वर्तमानपत्रांत आणि रजयांत गुंडाळून ठेवायची, आत गरम पाण्याची पातेली ठेवायची आणि सुटलेला बर्फ लाकडी उलथण्यानं काढायचा. टोकदार सुरी लावली तर आतली नळी फुटून वायू निघून जाई आणि फ्रीझर निकामी होई. तळाशी काय आहे याची वही ठेवावी लागे, नाहीतर दोन वर्षांपूर्वीचं, कडा वाळून पांढरट पडलेलं मांस हाती येई. वीज गेली तर झाकण उघडायचंच नाही. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला त्याच्या निम्मा वेळ.

याची एक काळी बाजूही होती. जुन्या, टाकून दिलेल्या पेट्यांत आणि फ्रिजमध्ये खेळताना मुलं अडकून गुदमरून मेली. १९५६च्या कायद्यानं घरगुती फ्रिजचं दार आतूनही उघडता येणं सक्तीचं केलं.

गावाचे लॉकर हळूहळू बंद पडले. जादा फ्रीझर मात्र राहिला, आणि आज न्यू जर्सीतल्या अनेक मराठी घरांत तो गॅरेजमध्ये उभा असतो. भारतातून आलेल्या आईनं परत जाण्याआधी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या, खवलेला नारळ, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे त्यात असतात. तिथली थंडी त्याच्याही मुळावर येते: ज्यात फ्रिज आणि फ्रीझर मिळून एकच तापमान-नियंत्रक असतो, तो गॅरेजमधल्या गारठ्याला फसून काँप्रेसर चालवतच नाही, आणि बाहेर बर्फ पडत असताना आतल्या पोळ्या वितळतात. म्हणून अशा जागेसाठी स्वतंत्र पेटीच घेतात, आणि तीही जमल्यास हातानं बर्फ काढायची. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तापमान वरखाली होतं आणि अन्न लवकर सुकतं.