हट्टी सोन्याची खाण

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, पहिल्या महायुद्धानंतर काही काळ ओस पडलेली सोन्याची खाण. सध्याच्या कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात कृष्णा-तुंगभद्रा दुआबाच्या कोरड्या, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ती आहे. येथे दोन हजार वर्षांपूर्वीही खोदकाम होत असे. लाकडे पेटवून खडक तापवायचा, मग त्यावर पाणी ओतून तो तडकवायचा, अशी रीत होती. केवळ एवढ्यावर प्राचीन कामगार शेकडो फूट खोल उतरले, हे थक्क करणारे आहे.

1886 मध्ये निजाम सरकारने खनिजांचा मक्ता लंडनच्या मंडळींना दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या हैदराबाद डेक्कन कंपनीच्या शेअरचे प्रकरण एवढे गाजले की, 1888 मध्ये ब्रिटिश संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. हट्टीचे आधुनिक उत्खनन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. महायुद्ध चालू असताना, 1915 मध्ये, सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या सी. बीडन या अभियंत्याला जवळच्या मस्की येथे अशोकाचा शिलालेख सापडला. त्यात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट असल्याने इतर शिलालेखांतील ‘देवानांप्रिय’ राजा म्हणजे अशोकच, हे निश्चित झाले. इतिहासाच्या दृष्टीने हा लाभ सोन्याहून मोठा म्हणावा लागेल.

भांडवलाअभावी 1920 मध्ये खाण बंद पडली. 1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापून ती पुन्हा सुरू करण्यात आली. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेनंतर ती म्हैसूर राज्याकडे (आताचे कर्नाटक) गेली. तेथे आजही सोने काढले जाते.