तेरची तरंगती वीट

धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें तेर हें गांव गोरोबाकाकांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. गोरोबा धंद्यानें कुंभार. परंतु मातीस अग्नि देण्याची विद्या या गांवीं त्यांच्याहूनहि फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नौकावृत्तांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नगर सांगितलें आहे. तेंच हें तेर, असें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें.

येथील प्राचीन विटांपैकीं कांहीं पाण्यावर तरंगतात. यांत चमत्कार नाहीं. मातींत तुसासारखें द्रव्य कालविलें, कीं तें भट्टींत जळून जातें, त्याच्या जागीं पोकळी उरते आणि वीट पाण्याहून हलकी होते.

जाळून नाहींसें करावयाचें म्हणूनच एखादें द्रव्य मिसळावयाचें, ही युक्ति आधुनिक रसायनांतहि आहे. पेचिनी यांच्या १९६७ च्या अमेरिकन पेटंटांत धातूंचे क्षार, सायट्रिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल एकत्र तापवून राळेसारखा पॉलिमर करतात. धातूचे अणु त्याच्या जाळ्यांत सारखे विखरून अडकतात. पुढें राळ जाळली म्हणजे ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी हातीं येते. तिचे कण नॅनोमीटरांत मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आंच अधिक झाली तर कण एकमेकांस चिकटून जाड होतात. आंच साधणें हेंच दोन्हींकडील मर्म होय.

तथापि एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस नॅनोविद्या अवगत होती असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तूस मागें पोकळी ठेवतें. राळ मागें कण ठेवते. एकांत हलकेपणा साधावयाचा, दुसऱ्यांत सूक्ष्मता. जें पूर्वजांचें नव्हे तें त्यांच्या पदरीं बांधलें, कीं जें खरोखर त्यांचें तें झांकलें जातें.

रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंमुळें तेरास संग्रहालय लाभलें. परंतु पांढरींतून उचलून घराच्या भिंतींत बसविलेली वीट कोणत्या थरांतील, हें मग कोणासच सांगतां येत नाहीं. कुंभारानें ग्रंथ लिहिला नाहीं; त्याची वीट हाच त्याचा ग्रंथ. तो वाचण्यापूर्वींच त्याचीं पानें आपण विखरूं नयेत.