इन्शुलिन कसे स्रवते आणि मधुमेह का होतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शरीर अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले, हे आपण जाणतो. हा आजार नेमका काय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ‘इन्शुलिन घेतले की सवय लागते’ हा समज तर जिवावर बेतू शकतो.

जठरामागे असलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करून साठवतात. जेवणानंतर रक्तात वाढलेले ग्लुकोज या पेशींत शिरते व त्यापासून ऊर्जा तयार होते. त्यामुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची दारे बंद होतात, कॅल्शियमची उघडतात आणि इन्शुलिन रक्तात सोडले जाते. साठ्यातले इन्शुलिन काही मिनिटांतच बाहेर पडते. पुढे साखर उतरेपर्यंत स्राव चालू राहतो. आतड्यातील संप्रेरकेही हा स्राव वाढवतात.

इन्शुलिनमुळे स्नायू व चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत ते साठवते. उपाशीपोटी इन्शुलिन कमी होते आणि ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतातील साठा मोकळा करते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते. १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन दिले गेले. त्यापूर्वी या रुग्णांचा मृत्यू अटळ होता. आजही अशा रुग्णाने इंजेक्शन बंद केले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. याला सवय म्हणत नाहीत; शरीर जे बनवू शकत नाही, तेच बाहेरून द्यावे लागते.

दुसऱ्या प्रकारात पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. बीटा पेशी वर्षानुवर्षे जादा इन्शुलिन तयार करतात. त्या कमी पडू लागल्या की साखर वाढते. आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी व बैठे काम यांचा त्यात मोठा वाटा असतो. नुसते गोड खाणे हे कारण नव्हे. अनेक वर्षे त्रास जाणवत नाही, पण डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा खराब होत राहतात.

उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ ही धोक्याची सूचना आहे. जयंतीच्या शिबिरात बोटातून रक्त घेऊन केलेली तपासणी ही फक्त सुरुवात असते. ज्यांची साखर जास्त निघते, त्यांना प्रयोगशाळेपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे, हे कार्यकर्त्यांचे खरे काम आहे.