मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणा

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया हे सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद होते. १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले होते. युरोपातून तो हिंदुस्थानात पायी आला होता, आणि या मोहिमेची कल्पना त्या व्याख्यानातून रुजली. मुंबईच्या पारशी समाजात जिमखान्यांची आणि व्यायामाची परंपरा तोवर चांगलीच मुरली होती. पारशी जिमखाना १८८५ सालचा. त्यामुळे वजन उचलणाऱ्या मुलांनी लांबच्या सफरीचा ध्यास घ्यावा, यात विशेष नवल नव्हते.

पंजाब, बलुचिस्तान, इराण अशी वाट धरून ते बगदादला पोहोचले. वाटेत तेहरानहून कापडिया घरी परतले होते आणि पुढची वाट पाच जणांनी धरली.

संपूर्ण प्रवासात अत्यंत कठीण ठरलेल्या टप्प्यांपैकी एक म्हणजे बगदाद ते अलेप्पो. इराक तेव्हा ब्रिटिशांच्या आणि सीरिया फ्रेंचांच्या अमलाखाली होता, मात्र मधल्या वाळवंटात सायकलला साजेसा रस्ता नव्हता. ९५६ किलोमीटर कापायला २३ दिवस लागले, म्हणजे दिवसाला जेमतेम ४२ किलोमीटर. डांबरी रस्त्यावर धडधाकट सायकलस्वार एवढे अंतर दोन-तीन तासांत उरकतो. वाळवंटात सायकलची अरुंद चाके रेतीत रुततात, स्वाराला उतरून लादलेली सायकल ढकलावी लागते आणि पाण्याचा साठा दर मैलागणिक घटत जातो. पारा ५७ अंशांपलीकडे गेल्याचे, घसा कोरडा पडून तोंडातून शब्दही फुटेनासा झाल्याचे या प्रवाशांनी सांगितले आहे. त्यावर धुळीची वादळे होतीच. अशा वाटेवर एकट्याची सायकल मोडणे जिवावर बेतू शकते. सोबत असली की एकाचे पाणी दुसऱ्याला मिळते आणि थकलेल्याला थांबायला कुणीतरी असते. एकत्र निघण्याच्या निर्णयाचे मोल या २३ दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसते.

पुढे इटलीपासून आल्प्स ओलांडून त्यांनी युरोप पालथा घातला, ब्रिटन गाठले आणि तेथून बोटीने अमेरिका. तिथे रस्ते बरे होते. पाच महिन्यांत त्यांनी सुमारे ८,४०० किलोमीटर सायकल चालवली; वाळवंटातल्या गतीशी तुलना केली की रस्त्याचे महत्त्व लगेच कळते. हाथीराम यांनी मात्र अमेरिकेतच स्थायिक व्हायचे ठरवले. ते थांबल्यावर पोचखानावालाही खचले आणि मायदेशी परतले.

उरलेल्या तिघांनी, म्हणजे हकीम, बापासोला आणि भुमगरा यांनी, जपान, कोरिया आणि चीनची वाट धरली. चीन त्या काळी लष्करी सरदारांच्या आपसांतील लढायांनी होरपळत होता, आणि वाळवंटाइतकाच तो भागही त्यांना जड गेला. तेथून इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश या मार्गाने ते हिंदुस्थानात आले व १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत दाखल झाले. एकूण अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. मुक्कामाचे आणि बोटीतले दिवस धरूनही रोजची सरासरी ४४ किलोमीटरच्या आसपास येते. साडेचार वर्षांच्या आसपास ही गती टिकवून धरणे हाच त्यांचा खरा पराक्रम म्हणावा लागेल. वेगाच्या विक्रमाशी त्याचा संबंध नाही.

या प्रवासाची हकीकत तिघांनी 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' या पुस्तकात लिहिली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

पहिली तुकडी वाटेत असतानाच, १९२४ साली फ्रामरोज दावर मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव श्टावयानिक हा ऑस्ट्रियन साथीदार मिळाला. या जोडीने सहारा, अँडीज आणि ॲमेझॉनचे खोरे पार केले. त्यानंतर १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे बाहेर पडले. अफगाणिस्तान, आशियातील महामार्ग आणि इंकांचा प्रदेश या तिन्हींवर त्यांची स्वतंत्र पुस्तके निघाली.