मंजुरी देणारा खोटा स्विच: कॉसमॉस बँकेचा घटनाक्रम

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018
एफबीआय बँकांना गोपनीय इशारा देते: क्लोन केलेल्या कार्डांनी जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी रोकड उपसली जाण्याची शक्यता आहे. पुण्यात, 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत तोवर मालवेअर शिरलेलं आहे.

शनिवार, 11 ऑगस्ट, दुपारी 3
दुसरा शनिवार, शाखा बंद. एरवी एटीएममधली विचारणा व्हिसा किंवा रुपेमार्फत बँकेच्या स्विचकडे येते. स्विच खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो, मगच नोटा बाहेर पडतात. आज मध्ये बनावट प्रॉक्सी स्विच बसला आहे. तो कोअर बँकिंगला विचारतच नाही, परस्पर मंजुरी देतो.

रात्री 10
सात तासांत 28 देशांतून व्हिसाचे सुमारे 12,000 व्यवहार, 78 कोटी रुपये. देशात रुपेचे 2,849 व्यवहार, अडीच कोटी. त्यात कोल्हापूरची एटीएमही आली. खातेदारांच्या शिलकीला मात्र धक्का नाही, कारण विचारणा तिथवर पोचलीच नाही.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30
चोर गेलेले नाहीत. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात जातात.

मंगळवार, 14 ऑगस्ट
प्रकरण चतुःशृंगी पोलिसांत पोचतं, देशभर गाजतं. एकूण फटका 94.42 कोटींचा.

एप्रिल 2023
पुण्याचं न्यायालय 11 जणांना दोषी ठरवतं.

धडा
लिनक्सवरच्या एचएव्हीपी या अँटिव्हायरस प्रॉक्सीतही प्रश्न हाच: तपासणीआधी काही सुटतं का? ती उतरत असलेल्या फाइलवर सक्तीचं लॉक लावायची. त्यामुळे स्कॅनर आलेला भाग वाचायचा आणि पुढच्यासाठी थांबायचा. 2021 मध्ये लिनक्स 5.15 ने अशा लॉकची सोयच काढली. त्याने अडत नाही. पूर्ण फाइल उतरवा, तपासा, मग पुढे द्या. वेळ लागेल एवढंच. लॉकला पर्याय आहे, निकालाची वाट पाहण्याला नाही.

कॉसमॉसमध्ये तपासणी जागेवर होती, वाट तिला वळसा घालून गेली. म्हणून सातारा-सांगलीच्या सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी एवढं करावंच: स्विचने दिलेली प्रत्येक मंजुरी कोअर बँकिंगच्या नोंदीशी ताबडतोब ताडून पाहावी, दुसऱ्या शनिवारीसुद्धा.